चंद्राला 'ती' म्हणणाऱ्या बाई

बाई चंद्राला 'ती' म्हणायच्या.

मी आर्णीच्या सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून नवीन लागले, तेव्हाची गोष्ट. संध्याकाळची ड्युटी होती. बाई, म्हणजे आमच्या मोठ्या सिस्टर, वार्डाच्या पायरीवरून मला म्हणाल्या, "जरा मागच्या अंगणात जाऊन बघ गं, ती आली का." मला वाटलं, कुणी बाळंतीण यायची असेल. मी लेबर रूममध्ये डोकावले, गेटपर्यंत गेले, चौकीदाराला विचारलं आणि परत येऊन सांगितलं, "नाही बाई, कोणीच नाही आलं."

बाईंनी कपाळाला हात लावला. "अगं, वर बघितलंस का?"

वर कशाला बघेन मी? दवाखान्यात माणूस खाली बघून चालतो. कुठे रक्त सांडलेलं असतं, कुठे सलाईनची नळी लोंबत असते.

बाई दिसायला ठेंगण्या, गोल. पण चालायच्या इतक्या झपाट्यानं की मागे धावताना आम्हा तरुण पोरींना धाप लागायची. पांढरं पातळ, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट आणि मनगटावर वडिलांचं मोठं पुरुषी घड्याळ. मूळच्या कोकणातल्या, अलिबागेकडच्या. सरकारी बदलीनं यवतमाळ जिल्ह्यात आल्या त्या परत गेल्याच नाहीत. लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "एक आला होता बघायला. मी ड्युटीवर होते."

त्या ज्यू होत्या. कोकणातले ज्यू, बेने इस्राएल. घरात मराठी, सणाला मराठी, भांडणात तर अस्सल कोकणी मराठी. मी यवतमाळकडच्याच बोरी अरबची. ज्यू हा शब्द मी इतिहासाच्या पुस्तकात वाचला होता. ज्यू माणूस अळूचं फदफदं करतो आणि आमटीत आमसूल नसलं की तोंड वाकडं करतो, हे त्या पुस्तकात नव्हतं.

आर्णीत त्यांच्याविषयी ज्याचा त्याचा वेगळा समज होता. नर्स आहे म्हणून काहींना त्या ख्रिस्ती वाटायच्या. घरात देवाची मूर्ती नाही म्हणून काहींना मुसलमान. बोलणं ऐकून कुणाला ब्राह्मण. एकदा बाजारात कुणीतरी सरळ जात विचारली, तेव्हा त्या म्हणाल्या, "आम्हाला कोकणात शनवार तेली म्हणतात." जुन्या काळी त्यांचे लोक तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून ते नाव. पण ऐकणाऱ्यानं त्यातलं 'तेली' तेवढं ऐकलं, आणि महिनाभरात त्यांना तेली समाजाच्या मेळाव्याचं आमंत्रण आलं. बाई गेल्या. पहिल्या रांगेत बसल्या, हार घालून घेतला, जेवून आल्या. "फार प्रेमळ माणसं," म्हणाल्या. "भाजीत तेल मात्र जास्त होतं."

शुक्रवारी सूर्य बुडायच्या आत त्या क्वार्टरमध्ये जाऊन काचेच्या पेल्यात तेलाचा दिवा लावून यायच्या. शनिवारी शिवण नाही, स्वयंपाक नाही, बाजार नाही. ड्युटी मात्र असायची. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "जीव वाचवायला शनिवार आडवा येत नाही. ते देवानं आधीच सांगून ठेवलंय."

आणि अवस. आमच्याकडे अवसेला लोक बाळंतिणीला घरी न्यायला घाबरतात. बाई त्याचा पुरेपूर फायदा घ्यायच्या. अवसेची आडकाठी संपून नातेवाईक दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन आले की त्या दारात उभ्या. "आज न्यायचं नाही. आज आमच्यात बायकांची सुटी असते. आज कुठल्या बाईनं काम करायचं नाही."

"पन बाई, आमी कुठं तुमच्यातले?" एखादा सासरा म्हणायचा.

"ही माझ्या वार्डात आहे ना? मग माझ्यातली."

नवा चंद्र लागतो तो दिवस त्यांच्या धर्मात बायकांचा. त्या दिवशी बायकांनी कपडे धुऊ नयेत, शिवणटिपण करू नये. आकाशात तर तेव्हा काहीच दिसत नाही. मी म्हटलं, "बाई, चंद्र नसतो त्या दिवशी कसला सण?"

"नसते तेव्हाच तिची जास्त गरज असते," त्या म्हणाल्या आणि थर्मामीटर झटकायला लागल्या.

त्यांच्या प्रार्थनेच्या भाषेत, हिब्रूत, चंद्राला लेवाना म्हणतात. लेवाना म्हणजे पांढरी. पांढरी म्हटल्यावर बाईच, असा त्यांचा हिशोब. आमच्याकडे पांढरं म्हटलं की कापूस. पण ती वर्षं कापसाची नव्हती. बोंडअळीनं बोंडं पोखरायची, पाऊस नको तेव्हा पडायचा, आणि गावोगावी घराच्या कोपऱ्यात फवारणीच्या औषधाचे डबे पडून असायचे. ते औषध प्यालेली माणसं आमच्याकडे यायची. काही वाचायची, काही दारातच संपायची. बाईंनी त्या वर्षांत किती जणांना हात दिला हे मी मोजलं नाही, त्यांनी तर नाहीच नाही. पण एखादा गेला की त्या रात्रपाळीचा चार्ज देऊन सरळ मागच्या अंगणात जायच्या आणि मान वर करून उभ्या राहायच्या.

चंद्र वाढत असताना, पुनवेच्या आत, महिन्यातून एकदा उघड्या आकाशाखाली उभं राहून त्याच्यासाठी म्हणायची त्यांच्यात एक प्रार्थना आहे. घरात बसून चालत नाही. चंद्र डोळ्यांना दिसला पाहिजे. ती सगळी प्रार्थना बाईंना तोंडपाठ होती. तसं पाहिलं तर त्यांच्यात ती पुरुष म्हणतात. बायकांना सक्ती नाही, रीतही नाही. पण अलिबागेला त्यांचे वडील मशिदीच्या अंगणात ती म्हणायचे (बेने इस्राएल लोक आपल्या प्रार्थनेच्या घराला मशीदच म्हणतात), तेव्हा ही पोरगी त्यांच्या धोतराला धरून उभी असायची. तशीच पाठ झाली.

"इथे पुरुष कुठून आणू?" त्या म्हणायच्या. "मी नाही म्हटलं तर यवतमाळ जिल्ह्यातून तिला कोणीच काही म्हणणार नाही. बरं दिसतं का ते?"

त्या प्रार्थनेत एक गंमत आहे. टाचा उचलून चंद्राकडे उडी घ्यायची आणि म्हणायचं, मी तुझ्याकडे झेपावते पण तुला शिवू शकत नाही, तसं माझं वाईट चिंतणाऱ्यानं मला शिवू नये. असं तीनदा. बाईंची उडी म्हणजे टाचा जेमतेम उचलल्या जायच्या आणि सगळं पातळ थरथरायचं. पण चेहरा असा, जणू या वेळी हात लागणारच. आणि मग यायचा सलाम. जवळच्या तीन माणसांना एकेकदा म्हणायचं, "शालोम अलेखेम." तुमच्यावर शांती असो. त्यांनी उलट म्हणायचं, "अलेखेम शालोम."

अलिबागेला अंगण भरून माणसं असायची. सलामावर सलाम, उत्तरावर उत्तर, आणि लहान पोरं मुद्दाम धावत जाऊन चार-चार जणांना म्हणायची. आर्णीत बाईंनी पहिली काही वर्षं अंगणातल्या कडुनिंबाला सलाम केला, विहिरीला केला, भिंतीला केला. "पण उत्तर आलं नाही की सलाम अंगावर राहतो गं," त्या मला म्हणाल्या होत्या. "ओल्या कपड्यासारखा."

मग एका संध्याकाळी शब्बीरभाई अंगणात अँब्युलन्स धूत होते. आमचे ड्रायव्हर. दाढी, गोल टोपी, तोंडात कायम बडीशेप. त्यांना बाई तिकडे काय करताहेत याची कल्पना नव्हती. मागून आवाज आला, "शालोम अलेखेम." शब्बीरभाईंनी बादलीतून मान वर न करता सवयीनं म्हटलं, "वालेकुम अस्सलाम."

पुढचं शब्बीरभाई मला सांगायचे. "बाई अशा माह्यासमोर येऊन उभ्या राह्यल्या. म्हने, पुन्हा म्हन. मी म्हनलो. म्हने, अजून एक डाव. मी अजून म्हनलो. तं बाई रडून राह्यल्या! मले वाटलं, माह्या हातून काई तरी मोठा गुन्हा झाला."

तेव्हापासून ते बाईंचं पहिलं माणूस. दुसरा आमचा चौकीदार, आणि मी लागल्यावर तिसरी मी. शब्बीरभाई शेवटपर्यंत 'वालेकुम अस्सलाम'च म्हणायचे. चौकीदार काहीतरी पुटपुटायचा. बाई म्हणायच्या, "शब्द कसेही येऊ देत, उत्तर आलं पाहिजे."

पावसाळ्यात मात्र हाल व्हायचे. श्रावण-भादव्यात कधी कधी वाढत्या चंद्राचे सगळे दिवस ढगात जायचे. बाई मग वार्डात सगळ्यांवर खेकसायच्या. एकदा यवतमाळला पेशंट पोचवून आम्ही रिकामी गाडी घेऊन परतत होतो. दिवस नुकताच मावळला होता. एकदम ढग फाटले आणि चंद्र बाहेर आला. बाई ओरडल्या, "थांबव!" शब्बीरभाईंनी असा ब्रेक मारला की माझं डोकं काचेवर आपटलं. दोन्ही बाजूंना कपाशी, मध्ये ओला रस्ता, आणि त्या रस्त्यावर बाई टाचा उचलून उड्या मारताहेत. निंदणाहून परतणाऱ्या बाया विळे हातात धरून बघत उभ्या राहिल्या.

"काय झालं वं त्याहिले?" एकीनं मला विचारलं.

मी म्हटलं, "काही नाही, मावशी. खूप दिवसांनी भेट झाली."

त्या बायांनीही मान वर केली. मग ज्या समजुतीनं एखाद्याच्या घरचं कार्य बघतात, तशा त्या प्रार्थना संपेपर्यंत थांबल्या.

वंदना आली ती हिवाळ्यात. जवळच्याच एका खेड्यातली, वीस-एकवीस वर्षांची. तिचं लग्न ठरून दोन वर्षं झाली होती. कापूस निघाला की बार उडवू, असं बाप म्हणायचा. एका वर्षी अळीनं खाल्ला, दुसऱ्या वर्षी पावसानं कुजवला. शेवटी मुलाकडच्यांनी मोडलं आणि त्याच महिन्यात दुसरीकडे उरकलं. त्यांची वरात हिच्या गावावरून गेली, त्या दिवशी हिनं कोपऱ्यातलं औषध घेतलं.

बाईंनी तिला मरणातून ओढून काढलं. तीन दिवस त्या घरी गेल्या नाहीत. वंदना वाचली, पण बोलेना. आई बोलली, डॉक्टर बोलले. पोरगी भिंतीकडे तोंड करून पडलेली. खायला दिलं की खायची, उठ म्हटलं की उठायची, पण तोंडातून शब्द नाही.

चंद्र वाढत होता. बाई संध्याकाळी तिला हाताला धरून अंगणात घेऊन आल्या आणि बाकावर बसवलं. चौकीदार त्याच्या तांड्यावर लग्नाला गेलेला. मी होते, शब्बीरभाई होते. बाईंनी प्रार्थना सुरू केली, उड्या मारल्या, मला सलाम केला, मी उत्तर दिलं. शब्बीरभाईंना केला, त्यांनी दिलं. मग त्या वंदनाकडे वळल्या. "शालोम अलेखेम."

वंदना जमिनीकडे बघत होती.

बाई थांबल्या. आम्ही थांबलो. डास चावायला लागले. बऱ्याच वेळानं बाई म्हणाल्या, "राहू दे. उद्या."

मी म्हटलं, "बाई, कंपाउंडरला बोलावते ना. तुमचं राहून जाईल."

"मला कंपाउंडरचं नको. हिचं पाहिजे."

दुसऱ्या दिवशीही तेच, आणि तिसऱ्या दिवशीही. पुनव जवळ आली. पुनवेनंतर ती प्रार्थना म्हणता येत नाही, महिना हुकतो. इतक्या वर्षांत ढग नसताना बाईंनी एकही महिना चुकवला नव्हता. शब्बीरभाई मला हळूच म्हणाले, "बाई जिद्दीले पेटल्या. पोरगी काई बोलत नाही."

शेवटच्या संध्याकाळी बाईंनी सलाम केला आणि या वेळी तिच्याशेजारी बाकावरच बसल्या. एक शब्द न बोलता. बुटांची नाडी सोडून पुन्हा बांधत बसल्या. आणि वंदना बोलली. आवाज औषधानं भाजल्यासारखा झाला होता.

"काहून माह्या मागं लागल्या बाई? मी कोन होय तुमची?"

"तिसरी," बाई म्हणाल्या. "माझ्याकडे दोन माणसं आहेत. तिसरं कोणी नाही."

"मले तुमचं ते काई म्हनता येत नाही."

"मग तुला येतं ते म्हण."

वंदनानं बराच विचार केला. मग पदर सारखा करून, मोठ्या माणसाला म्हणतात तसं म्हणाली, "रामराम, बाई."

बाई उठल्या, चंद्राकडे तोंड केलं आणि उरलेली प्रार्थना पुरी केली. मी बघत होते, त्यांचा आवाज एकदाही हलला नाही. मग परत बाकावर बसून त्यांनी वंदनाला एक गोष्ट सांगितली. सुरुवातीला देवानं सूर्य आणि चंद्र सारखेच मोठे केले होते. चंद्र, म्हणजे ती, देवाला म्हणाली, दोन राजे एकच मुकुट कसा घालणार? देव म्हणाला, बरोबर आहे, मग तू लहान हो.

वंदना त्यांच्याकडे बघायला लागली. "म्हंजे, खरं बोलली थे तिनंच लहान व्हाव?"

"हो."

"अन् मंग देवाले काई वाटलं नाही?"

"वाटलं," बाई म्हणाल्या. "आमच्यात सांगतात, देवाला इतकं वाईट वाटलं की त्यानं माणसांना सांगितलं, दर महिन्याला माझ्या नावानं प्रायश्चित्त करा, मी तिला लहान केलं म्हणून. आणि आम्ही दर महिन्याला मागतो, की तिची कमी भरून काढ, ती होती तेवढी तिला पुन्हा कर."

"करतो का मंग?"

"अजून नाही केली. म्हणून तर मागावं लागतं."

वंदना तेव्हा रडली. आई धावत आली, तिला बाईंनी लांबच थांबवलं. पुढे वंदनाला ढाणकीला दिली. माणूस बरा निघाला, किराण्याचं लहानसं दुकान आहे. बाईंनी लग्नाला जाऊन आहेर केला आणि येताना नवऱ्याला बाजूला घेऊन काय सांगितलं कोण जाणे, तो अजून आम्हाला रस्त्यात दिसला की आधी हात जोडतो.

बाईंना काय हवं होतं, हे मला तोवर नीट कळलं नव्हतं. आम्ही तिघं उत्तर द्यायचो, त्यात त्या खूश असायच्या असं मला वाटायचं. ते कळलं त्यांचा भाऊ आला तेव्हा.

धाकटा भाऊ तरुणपणीच इस्राएलला गेला होता. त्यांचे बहुतेक सगळे नातेवाईक तिकडे गेले होते. अलिबागेची मशीदही आता बहुतेक दिवस बंदच असते, असं बाई सांगायच्या. तो भाऊ इतक्या वर्षांनी बहिणीला न्यायला आला. बाईंच्या रिटायरमेंटला थोडेच दिवस उरले होते. उंच, वाकलेला माणूस, डोक्यावर लहानशी टोपी. मराठी बोलायचा, पण प्रत्येक शब्द आधी शोधून काढायचा. बाईंनी मला आधीच सांगून ठेवलं होतं, "त्याला मुलाचं काही विचारू नकोस." त्याचा एकुलता मुलगा तिकडे सैन्यात होता, लढाईवर. गेला. तेव्हापासून त्याची बायको, म्हणजे बाईंची वहिनी, एक शब्द बोललेली नव्हती.

शनिवारी संध्याकाळी, तारे दिसल्यावर, तो अंगणात आला. बाईही नेहमीसारख्या पुढे झाल्या. तो हळूच म्हणाला, "ताई, हे बायका म्हणत नाहीत."

मला वाटलं, आता बाई त्याला धरून झोडपणार. पण त्या काही न बोलता मागे सरकल्या आणि कडुनिंबाला टेकून उभ्या राहिल्या. त्यानं सुरू केलं. बाई म्हणायच्या तेच शब्द, पण चाल वेगळी. जुनी, संथ, प्रत्येक ओळीच्या शेवटी किंचित वर चढणारी. बाईंनी पदर तोंडात धरला. नंतर त्यांनी मला सांगितलं, ती चाल त्यांच्या वडिलांची होती. बाईंना शब्द आठवत होते, पण चाल त्या कधीच हरवून बसल्या होत्या. इतकी वर्षं त्या दर महिन्याला त्या चालीच्या जवळ जाऊन परत येत होत्या.

सलामाची जागा आली. भावानं मला सलाम केला, मी उत्तर दिलं. चौकीदाराला केला. तिसरे शब्बीरभाई. शब्बीरभाई नेहमीप्रमाणे पुढे आले, हात बांधून, नवा कुर्ता घालून. भावानं त्यांची टोपी बघितली, दाढी बघितली, आणि त्याचे ओठ मिटले. तो दुसरीकडे बघायला लागला. कुणी सांगितलं नाही तरी आम्हा सगळ्यांना कळलं, की त्याच्या मनात त्याचा मुलगा उभा आहे.

बाई झाडापासून हलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "हा माणूस मला इतकी वर्षं उत्तर देतोय."

भाऊ तसाच उभा. मला शब्बीरभाईंची लाज वाटायला लागली, म्हणजे त्यांच्यासाठी वाईट वाटायला लागलं. मुलाचं काही बोलू नका, असं मी त्यांना सकाळीच बजावून ठेवलं होतं. पण त्यांनी बांधलेले हात सोडले आणि विचारलंच.

"पोराचं नाव काय होतं जी?"

भावानं त्यांच्याकडे बघितलं.  मग म्हणाला, "डॅनियल."

"दानियल," शब्बीरभाई म्हणाले. "आमच्यात बी हाये हे नाव. माह्या चुलतभावाचं नाव हाये." मग जरा थांबून म्हणाले, "केवढा होता?"

"एकवीस."

"मंग तं लेकरूच होतं," शब्बीरभाई म्हणाले.

भावाचं तोंड वेडंवाकडं झालं. तो उंच माणूस अँब्युलन्सच्या बॉनेटला धरून उभा राहिला आणि शब्बीरभाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. खूप वेळानं त्यानं डोळे पुसले, टोपी सारखी केली, आणि त्यांच्याकडे तोंड करून म्हणाला, "शालोम अलेखेम."

"वालेकुम अस्सलाम," शब्बीरभाई म्हणाले.

त्या रात्री जेवताना बाईंनी सांगितलं की त्या जाणार. मी रडायला लागले तर माझ्या ताटात भात वाढत म्हणाल्या, "मला चालीसाठी जायचंय असं तुला वाटतंय. तेही आहे. खोटं कशाला बोलू? पण वहिनी बोलत नाही गं. त्याला घरात उत्तर द्यायला कोणी नाही."

जाताना त्यांच्याकडे एक ट्रंक होती आणि आमसुलाची बरणी. शब्बीरभाईंनी त्यांना रेल्वे स्टेशनपर्यंत सोडलं, मीही बरोबर गेले. गाडी हलली तशा बाई खिडकीतून मला वार्डातल्या कामांबद्दल सूचना देत होत्या. सात नंबरच्या पेशंटचे टाके, हत्यारं निर्जंतुक करायच्या ऑटोक्लेव्हच्या झाकणाचा बिघडलेला स्क्रू. शेवटचं काय म्हणाल्या ते इंजिनच्या आवाजात ऐकू आलं नाही.

फोन यायचा. पहिला आला तो आनंदानं फुटलेला. "अगं, रस्ता भरून माणसं असतात! सगळे एकदम म्हणतात. आपले कोकणातलेही आहेत. सलामाला तर नुसती झुंबड!"

"तुम्ही पण म्हणता ना बाई?"

"मी वरून बघते. बाल्कनीतून. वहिनीला शेजारी बसवते."

"वहिनी बोलल्या का?"

"नाही अजून."

मग दर महिन्याला हेच विचारणं आणि हेच उत्तर. एकदा त्या आपणहून म्हणाल्या, "इथे उन्हाळाभर ढगच नाहीत गं. सूर्य बुडाला की ती समोर. वाट बघावीच लागत नाही." मग म्हणाल्या, "तिकडे पाऊस पडतोय का?"

"पडून राह्यला ना बाई. आठ दिवस झाले, आभाळ उघडलं नाही."

"मग बघायला जातेस ना रोज, अंगणात?"

मी जात होते. शब्बीरभाईही यायचे. आम्हाला दोघांनाही ती प्रार्थना येत नव्हती. आम्ही नुसतेच वर बघायचो आणि कामाला लागायचो. हे मी बाईंना सांगितलं.

"मला यावंसं वाटतं," त्या म्हणाल्या. "आले असते. पण ही बघ, आत्ता माझा हात धरून बसली आहे. हात धरते आता. आधी तोही धरत नव्हती."

"बोलतील, बाई."

"बोलेल. मला कुठे घाई आहे?"

त्यानंतरच्या महिन्यात फोन आला नाही. त्याच्या पुढच्या महिन्यात आला. दुपारची वेळ, ओपीडी नुकतीच संपली होती. पलीकडे बाईंचा आवाज नव्हता. दुसऱ्या कुणा बाईचा होता, खरखरीत, बरेच दिवस न वापरलेल्या दारासारखा. मराठी मात्र स्वच्छ कोकणी.

"आर्णीचा दवाखाना काय? मी सिस्टरची वहिनी बोलते."

 माझ्या मनात आधी आनंदच आला. "वहिनी, तुम्ही बोलताय!"

"हो," ती म्हणाली. "तुमचा नंबर तिनं भिंतीवर लिहून ठेवला होता. कळवायला हवं म्हणून फोन केला. ती गेली."

मी स्टुलावर बसले. तिनं सावकाश, एकेक शब्द टेकवत सांगितलं. भाऊ बाहेर गेलेला. संध्याकाळ होती. दोघी बाल्कनीत बसल्या होत्या. बाई तिला खालच्या रस्त्यावरची माणसं दाखवत होत्या. बोलता बोलता त्यांचा हात ढिला पडला आणि मान खांद्यावर आली.

"घरात दुसरं कोणीच नव्हतं," वहिनी म्हणाली. "मग मी हाक मारली तिला. ताई म्हणून. जोरात मारली, खालच्या रस्त्यापर्यंत गेली. माणसं धावत वर आली." ती थांबली. "तिनं ओ दिली नाही."

मला हुंदका आवरेना. शब्बीरभाई दारात येऊन उभे राहिले होते, माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

"तुम्ही नर्स आहात ना?" पलीकडून वहिनीनं विचारलं. "मला सांगा. तिनं ऐकलं असेल का?"

"ऐकलं असेल, वहिनी," मी म्हणाले. "कान सगळ्यात शेवटी जातात."

 फोन तिनं ठेवला नाही. तिकडच्या रस्त्यावरचे आवाज ऐकू येत होते, कुणी मूल ओरडत होतं, एखादी गाडी जात होती. मीही ठेवला नाही.